‘मी कॅल्विनिस्ट आहे’ असं कोणी म्हणालं तर

प्रश्न असा आहे: एका अनुवादित कथेत एक पात्र म्हणतं, “मी पक्का कॅल्विनिस्ट आहे.” म्हणजे तो कर्मठ आहे, दैववादी आहे, की नुसताच प्रॉटेस्टंट आहे? आणि मराठीत ‘कॅल्विनवादी’ लिहावं की ‘कॅल्विनपंथी’?

‘वादी’ की ‘पंथी’ हे शेवटी पाहू. आधी हे नाव कोणी कोणाला ठेवलं ते पाहायला हवं, कारण ते कोणी आपणहून घेतलेलं नाही. ज्याँ कॅल्विन (१५०९–१५६४) हा फ्रान्समधला, कायदा शिकलेला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक. धर्मतत्त्वांवरच्या त्याच्या मुख्य लॅटिन ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ मध्ये बाझेलला निघाली. त्याच वर्षी तो जिनिव्हात आला आणि मधली हद्दपारीची तीन वर्षं सोडली तर मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या मताच्या लोकांना ‘कॅल्विनिस्ट’ म्हणू लागले ते मार्टिन लुथर या जर्मन धर्मसुधारकाचे अनुयायी, १५५० च्या दशकात. भांडण होतं प्रभुभोजनाचं, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीचं. भाकरी आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष हजर असतं, की विश्वास ठेवणाऱ्याला ते पवित्र आत्म्याच्या द्वारे लाभतं? हॅम्बुर्गचा पाळक योआखिम वेस्टफाल याने या वादात कॅल्विनवर एकामागून एक पुस्तिका लिहिल्या. आज कॅल्विन म्हटलं की लोकांना पूर्वनियोजन (कोणाचं तारण व्हायचं ते देवाने आधीच ठरवलेलं आहे हे मत) आठवतं, पण नाव पडलं तेव्हा ठिणगी पडली होती ती जेवणाच्या मेजावर.

खुद्द कॅल्विनला हे नाव मुळीच आवडत नसे. (लुथरनेही १५२२ मध्ये आपल्या नावाने पंथ ओळखू नका, ख्रिस्ती म्हणा, असं बजावलं होतं. ऐकलं कोणी?) आणि ही नुसती चिडवाचिडवी नव्हती. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने जर्मन साम्राज्यात दोनच पक्षांना मान्यता दिली होती, कॅथलिक आणि लुथरचे. तिसऱ्याला कायद्याचं संरक्षण नव्हतं. त्यामुळे एखाद्या राजाला ‘कॅल्विनिस्ट’ म्हणणं म्हणजे तो तहाबाहेरचा आहे असं सुचवणं. पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) फ्रेडरिक तिसरा याच्यावर नेमका हाच आळ आला, कारण १५६३ मध्ये त्याच्याच आज्ञेवरून हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून धर्मतत्त्वं शिकवणारं पुस्तक, तयार झाली होती. १५६६ च्या राजसभेत त्याने जे उत्तर दिलं ते मला या शब्दाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मजेदार वाटतं: कॅल्विनची पुस्तकं मी कधी वाचलेलीच नाहीत, तेव्हा कॅल्विनवाद कशाला म्हणतात ते मला कसं ठाऊक असणार? ज्याची प्रश्नोत्तरी आज जगभर त्या परंपरेची ओळख मानली जाते, तो माणूस भर सभेत हे नाव झटकून टाकत होता. या पंथाला साम्राज्यात कायदेशीर मान्यता मिळायला १६४८ साल उजाडावं लागलं.

म्हणूनच या परंपरेतल्या चर्चांनी स्वतःला ‘रिफॉर्म्ड’, म्हणजे सुधारित, म्हटलं. स्कॉटलंडमध्ये ‘प्रेस्बिटेरियन’ हे नाव रुळलं, कारण तिथे कारभार बिशपांच्या हाती नसून वडीलमंडळाच्या हाती असतो. अपवाद आहेत. हंगेरीतल्या डेब्रेत्सेन शहराला ‘कॅल्विनिस्टांचं रोम’ म्हणतात, आणि तिथे हे बिरुद अभिमानानेच मिरवलं जातं.

आता आजच्या माणसाकडे येऊ. आज कोणी आपणहून ‘मी कॅल्विनिस्ट’ म्हणतो तेव्हा बहुधा तो चर्चचं नाव सांगत नसतो. एका जुन्या वादात आपण कोणत्या बाजूचे ते सांगत असतो. वाद असा: माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं त्यात शेवटचा शब्द कोणाचा, देवाचा की माणसाचा? डच धर्मशास्त्री याकोबुस आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन काढलं. देव निवडतो ते कोण विश्वास ठेवणार हे आधीच जाणून, आणि देवाची कृपा माणूस नाकारू शकतो, हा त्याचा रोख. त्याला उत्तर द्यायला डॉर्ड्रेख्ट शहरात १६१८–१९ मध्ये धर्मसभा भरली. तिचं म्हणणं: माणूस पापाने इतका बिघडलेला आहे की स्वतःच्या बळावर देवाकडे वळूच शकत नाही, देव निवडतो ते माणसातलं काही पाहून नव्हे, ख्रिस्ताचं मरण निवडलेल्यांचं तारण खरोखर घडवून आणतं, त्यांच्यापुढे कृपा हरत नाही, आणि ज्यांना देवाने धरलं ते शेवटपर्यंत सुटत नाहीत.

हेच ते प्रसिद्ध ‘पाच मुद्दे’. कॅल्विन तेव्हा वारून अर्धशतक उलटलं होतं, म्हणजे पाच मुद्द्यांची ही यादी काही त्याने केलेली नाही. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘ट्युलिप’ असं स्मरणसूत्र करतात. सभा हॉलंडात भरली, फूलही हॉलंडचं, त्यामुळे ते त्या काळातलंच असावं असं वाटतं, पण ते विसाव्या शतकातलं आहे आणि सभेच्या ठरावांचा क्रमही वेगळा आहे. मुद्द्यांचा हिशेब मात्र भाषेत असा मुरला की ‘मी चार मुद्द्यांचा कॅल्विनिस्ट’ असंही लोक म्हणतात. असं म्हणणारा बहुधा तिसरा मुद्दा गाळतो. ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला हे त्याच्या गळी उतरत नाही.

या अर्थाने बाप्टिस्टही, म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे तर विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचा माणूसही, कॅल्विनिस्ट असू शकतो. लंडनचा गाजलेला बाप्टिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन स्वतःला उघडपणे तसं म्हणवत असे. पण कॅल्विन तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्या जिनिव्हात स्पर्जनच्या मंडळीला थारा मिळाला नसता. या शब्दाच्या एवढ्या छटा झाल्या की आब्राहाम कायपर या डच धर्मशास्त्र्याला १८९८ मध्ये प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत आधी त्या वेगळ्या कराव्या लागल्या: विरोधकांनी मारलेला शिक्का, पूर्वनियोजन मानणाऱ्याचं नाव, चर्चच्या नावातलं विशेषण, आणि चौथा, त्याला स्वतःला हवा असलेला अर्थ, म्हणजे जगाकडे पाहण्याची एक अख्खी दृष्टी. हा कायपर पुढे पंतप्रधान झाला, तेव्हा त्याची ‘दृष्टी’ राजकारणापर्यंत पोचत होती हे सांगायला नको.

प्रश्नातल्या ‘दैववादी’बद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण मराठी वाचकाची गल्लत इथेच होते. पूर्वनियोजन म्हटलं की आपल्या मनात नशीब किंवा प्रारब्ध येतं. प्रारब्ध हे आपल्याच कर्माचं फळ, हिशेब आपल्याच खात्यावरचा. कॅल्विनिस्ट म्हणतो त्या निवडीत माणसाच्या कर्माला जागाच नाही, ना आधीच्या ना पुढच्या. नशीब आंधळं असतं. इथे निवडणारा कोण ते ठाऊक आहे, का निवडतो ते फक्त त्याला ठाऊक. आणि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही वृत्तीही तिथे बसत नाही. उलट या लोकांची ख्याती राबण्याची आहे. निवडलेल्याच्या अंगी चांगलं वागणं आपसूक दिसलं पाहिजे, अशी त्यांची शिकवण. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये यातूनच आपला सिद्धान्त मांडला: आपण निवडलेल्यांत आहोत की नाही या धास्तीने माणसं शिस्तीने कामाला लागली आणि भांडवलशाहीच्या वृत्तीला बळ मिळालं. त्यावर घनघोर वाद झाले आहेत. वेबरचा भर कॅल्विनपेक्षा नंतरच्या प्युरिटनांवर (इंग्लंडमधल्या कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांवर) होता हेही विसरता कामा नये.

‘कर्मठ’ हा अर्थ आला तो जिनिव्हाच्या लौकिकातून. तिथे लोकांच्या वागणुकीवर देखरेख ठेवणारं मंडळ होतं, आणि १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश धर्मशास्त्र्याला पाखंडी म्हणून जाळलं गेलं, त्यात कॅल्विनचा हात होताच. त्यामुळे रुक्ष, हसणं वर्ज्य असलेला माणूस असाही अर्थ चिकटला. डच भाषेत तो पुष्कळ सौम्य झाला आहे. साधं राहणारा, उधळपट्टी न करणारा, मौजमजा करतानाही थोडं अपराधी वाटणारा तो ‘कॅल्विनिस्ट’. असं म्हणणाऱ्याने चर्चची पायरीही चढलेली नसते.

तेव्हा अनुवादकाने पात्र कोण ते पाहावं. एखाद्या रिफॉर्म्ड चर्चचा सभासद असेल तर ‘कॅल्विनपंथी’ ठीक. तारणाच्या वादात बाजू घेणारा असेल, मग तो बाप्टिस्ट का असेना, तर ‘कॅल्विनवादी’, कारण तिथे पंथ वेगळा असून मत तेवढं एक आहे. विरोधकाच्या तोंडी शिवीसारखा आला असेल तर ‘कॅल्विनवाला’ मला चालेल. संपादकाला चालेल की नाही ते सांगता येत नाही. आणि डच माणूस हॉटेलचं बिल पाहून हसत हसत म्हणत असेल, तर ‘मी बाबा हात राखून खर्च करणारा’ असं लिहून मोकळं व्हावं. तुमच्या वाक्यात ‘पक्का’ आहे. त्यावरून पाचही मुद्दे मानणारा असा माझा कौल, पण आधीच्या पानावर तो कोणाशी हुज्जत घालतोय ते एकदा पाहून घ्या.