मिनिटं मोज

लांबचं मोठं घर घेऊ की कामाजवळचं लहान, असं विचारणारा तुझा मेसेज काल दोनदा वाचला. दोन्ही घरांचे फोटो, चौरस फूट, हप्त्यांचा हिशोब, वर ती शहरांची रँकिंग. सगळं आहे, फक्त मिनिटं नाहीत. घराचं दार लावल्यापासून कामावर पोचेपर्यंत, गर्दीच्या वेळी, किती मिनिटं?

'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकवाल्यांच्या राहण्यालायक शहरांच्या त्या यादीत स्थैर्य, आरोग्यसेवा, शिक्षण वगैरे निकषांचे ५ गट आहेत, मान्य. पण शहर राहण्यालायक ठरलं म्हणून त्यातला तुझा कोपरा राहण्यालायक होत नाही रे.

मी मोठं घर घेतलं होतं. हवा, उजेड, खिडकीतून झाडं. जायला दीड तास, यायला दीड तास. वर्षाचे अडीचशे दिवस धर, ७५० तास झाले, म्हणजे रात्रंदिवस धरून ३१ दिवस. दरवर्षी अख्खा महिना रस्त्यात, आणि अशी ९ वर्षं. निघायचो तेव्हा मुलगी झोपलेली, यायचो तेव्हाही झोपलेली. एका रात्री तिचं पांघरूण सारखं करायला गेलो, पाय झाकले तर खांदे उघडे, खांदे झाकले तर पाय. ते तिला आखूड कधी पडायला लागलं मला माहीतच नव्हतं.

मग ते मोठं घर विकून कामाजवळ लहान घेतलं. डोकं फिरलंय म्हणाले सगळे, अजून म्हणतात. म्हणू देत. एक खोली गेली पण संध्याकाळ मिळाली, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की कुठल्याही काळातला माणूस प्रवासाला दिवसाचा साधारण तासभर देतो, वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली, तास तोच राहिला. तू बहुतेक माझ्यासारखे तीन द्यायला निघालायस! गाडीत पुस्तकं ऐकेन म्हणतोस. मीही असंच काहीबाही म्हणायचो. मिनिटं मोज.

आणि जवळचं म्हणून हायवेला चिकटलेलंही घेऊ नकोस. रात्री घराबाहेर रस्त्याचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलंय. रात्री अकराला जा, खिडकी उघडून अर्धा तास नुसता बस, कळेल.

सोमवारी सकाळी दोन्ही घरांपासून ऑफिसपर्यंत जाऊन बघ, संध्याकाळी परतही ये. एकदा नाही, तीन दिवस. आकडे पाठव, फोटो मग बघू.