एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं डॉटनंतरचं शेपूट) बघून फाइलला कुठलं एन्क्रिप्शन, म्हणजे लॉक, आहे ते कळतं का?

अर्धवट कळतं. फाइल बहुतेक कुठल्या सॉफ्टवेअरने लॉक केलीय एवढा अंदाज येतो, आतलं अल्गोरिदम, म्हणजे लॉक करायची पद्धत, बऱ्याचदा नाही. गाडीवर खानापूरचा बोर्ड लावला म्हणून ती खानापूरलाच जाते असं नसतंय, एक्स्टेन्शन पण राइट क्लिक करून कोणीही बदलू शकतं आणि आतला डेटा आहे तसाच राहतो.

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या घरी वडिलांचा जुना कॉम्प्युटर आहे, हिशोबाच्या फाइल्सना डॉट एईएस, डॉट जीपीजी, डॉट ईएनसी असं काय काय लागलंय आणि एक झिप पासवर्ड मागायलीय. सगळ्यात आधी, तो कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, दुकानात दिला तर त्यांनाही बजावून सांगा. का ते सांगतो.

डॉट एईएस सोपं आहे, बहुतेक एईएस क्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरचं, आत २५६ बिट एईएस पद्धत. फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, बाकी सगळा कचरा दिसेल पण अगदी सुरुवातीला ए, ई, एस ही इंग्रजी अक्षरं दिसली तर खरंच त्याचीच फाइल. पासवर्ड आठवला तर काम झालं, नाहीतर मागच्या दाराने जायचा रस्ता नाही.

डॉट जीपीजी म्हणजे ओपनपीजीपी पद्धतीने, बहुतेक जीपीजी सॉफ्टवेअरने, लॉक केलेली फाइल. इथे फाइल नुसत्या पासवर्डवर पण लॉक होते नाहीतर कोणाच्यातरी की वर, म्हणजे डिजिटल चावीवर, आणि एक्स्टेन्शन दोन्हीकडे तेच. जीपीजीची लिस्ट पॅकेट्स कमांड मारली की कुठल्या की साठी लॉक केलीय तिचा आयडी साधारणपणे दिसतो. की वर असेल तर तिची प्रायव्हेट की, म्हणजे उघडायची गुप्त चावी, पाहिजेच, आणि ती विंडोजमध्ये ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या जीएनयूपीजी फोल्डरमध्ये पडून असायची शक्यता जास्त. म्हणूनच फॉरमॅट नको म्हटलं, तो फोल्डर गेला की पासवर्ड तोंडपाठ असून पण उपयोग शून्य.

डॉट ईएनसीचं मात्र काय खरं नाही, एन्क्रिप्टेड एवढंच त्याचं म्हणणं, कुठलंही सॉफ्टवेअर लावतं. सुरुवातीला इंग्रजीत सॉल्टेड असा शब्द आणि पुढे दोन अंडरस्कोर दिसले तर ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरने केलेली आहे, पण सायफर, म्हणजे लॉकची पद्धत, कुठला ते फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, तो करणाऱ्यालाच माहीत. त्यात अजून एक भानगड, २०१६ मध्ये आलेल्या १.१.० व्हर्जनपासून पासवर्डवरून की बनवायची डिफॉल्ट पद्धत एमडी५ वरून एसएचए२५६ झाली. त्यामुळे जुनी फाइल नवीन ओपनएसएसएलमध्ये बरोबर पासवर्ड टाकून पण उघडत नाही, आणि माणूस समजतो पासवर्डच चुकला. एमडी ऑप्शनमध्ये एमडी५ देऊन बघा आधी.

झिपला तर दोन तऱ्हा आहेत आणि नाव एकच. सेव्हन झिप या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मेथडचा कॉलम बघा, तिथे एईएस २५६ असेल नाहीतर झिपक्रिप्टो. झिपक्रिप्टो असेल तर खरंतर तुमचं नशीब चांगलं, कारण ते कच्चं आहे. आतल्या एखाद्या फाइलचा थोडा भाग तुमच्याकडे उघडा मिळाला तर पासवर्ड नसताना पण ते फुटतं, बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवलंय. पीडीएफचं पण असंच, जुन्यात आरसी४ नावाची पद्धत आणि नव्यात एईएस, शेपूट तेच डॉट पीडीएफ.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. डीटीपीवाल्यांकडून नुडी नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेली फाइल आली आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर सगळं अगम्य दिसतं, लोक म्हणतात लॉक आहे. लॉक नसतंय ओ ते, फॉन्ट टाकला की कन्नड काय मराठी काय, सरळ वाचता येतं.

आणि फोटो, एक्सेल, वर्ड सगळ्यांनाच एकसारखं विचित्र शेपूट लागलं असेल आणि पैसे मागणारी टेक्स्ट फाइल फोल्डरमध्ये पडली असेल तर ते वडिलांनी केलेलं नाही, रॅन्समवेअर आहे. तेव्हा नेट काढा, शेपूट बदलायच्या नादाला लागू नका, ती टेक्स्ट फाइल पण जपून ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नो मोअर रॅन्समच्या साइटवर त्यातली चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाइल देऊन बघा, काही जातींची चावी तिथे फुकट मिळते.