इटलीत वर्णद्वेषी घोषणा झाल्या तरी फुटबॉल सामना लगेच का थांबत नाही?

कारण सामना कायमचा थांबवायचा अधिकार रेफ्रीकडे नाही. तो निर्णय स्टेडियममधल्या सार्वजनिक सुरक्षेच्या अधिकाऱ्याचा असतो. रेफ्री खेळ तात्पुरता रोखतो आणि मैदानात सूचना दिली जाते. तरीही प्रकार चालूच राहिला, तर खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये जातात.

अडचण सुरू होते ती गोलमागच्या स्टँडमध्ये, म्हणजे ‘कुर्वा’त. तिथे ‘अल्ट्रा’ म्हणजे कट्टर चाहत्यांच्या गटांचा म्होरक्या मैदानाकडे पाठ करून, हातात मेगाफोन घेऊन घोषणा देतो. हजारोंच्या गर्दीत नेमकं कोण ओरडलं हे शोधणं अवघड जातं. म्हणून बहुतेकदा शिक्षा पूर्ण स्टँडलाच होते. डिसेंबर २०१८ मध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर इंटर क्लबविरुद्धच्या सामन्यात नापोली क्लबचा कृष्णवर्णीय बचावपटू कूलिबाली याला माकडाचे आवाज काढून छळलं. नापोलीने सामना थांबवायची मागणी वारंवार केली, पण खेळ सुरूच राहिला. उलट कूलिबालीलाच लाल कार्ड मिळालं. नंतर इंटरला दोन सामने प्रेक्षकांविना खेळावे लागले.

त्याहून वाईट म्हणजे समर्थन. २०१९ मध्ये कालियारी शहरात इंटरच्या लुकाकूला असेच आवाज ऐकावे लागले, तेव्हा इंटरच्याच अल्ट्रा गटाने त्याला पत्र लिहून ‘हा वर्णद्वेष नाही’ असं सुनावलं. आपल्याच खेळाडूला!

जानेवारी २०२४ मध्ये उदिने शहरात मात्र एसी मिलान क्लबचा गोलकीपर मेन्यां असेच आवाज ऐकून स्वतः मैदान सोडून गेला आणि सामना काही मिनिटं थांबला. उदिनेसे क्लबने दोषी शोधून त्यांना आजन्म बंदी घातली. माझ्या मते खरा उपाय हाच: माणूस ओळखा, त्यालाच बाहेर ठेवा.