जंताचे औषध पाजूनही शेळ्या का खंगतात?

पावसाळा लागला की जंत आणि गोचीड यांच्याबद्दलचे प्रश्न वाढतात. आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचे उत्तर अनेकांच्या उपयोगी पडेल ते खाली घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात जे घडते आहे ते आता अनेक कळपांत घडते आहे.

प्रश्न : सगळ्या शेळ्यांना दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता जंतनाशक पाजतो. औषध कित्येक वर्षांपासून एकच आहे. तरी पावसाळ्यात करडे खंगतात, काहींच्या जबड्याखाली सूज येते. हगवण मात्र नाही. औषध बनावट असेल का?

उत्तर : बनावट औषधाची शंका मी सध्या बाजूला ठेवतो. जबड्याखाली सूज, हगवण नाही आणि दिवस पावसाळ्याचे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय हिमॉन्कस कॉन्टॉर्टस या रक्तपित्या जंतावर जातो. हा गोलकृमी शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते, रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती पांढरे अंडाशय पिळ्यासारखे गुंडाळलेले असल्यामुळे ती लाल-पांढरी पट्टेदार दिसते. एखादे जनावर दगावले तर ते तसेच पुरू नका. शवविच्छेदन करून घ्या आणि चौथे पोट आपल्यासमोर उघडायला सांगा. जंत नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

असा एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात 5,000 जंत असले की रोजचे पाव लिटर रक्त जाते. करडाच्या अंगात मुळात रक्त असते किती! रक्ताबरोबर त्यातली प्रथिनेही जातात, म्हणून पाणी शिरांमध्ये टिकत नाही आणि जबड्याखाली उतरते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ही सूज संध्याकाळी ठळक दिसते आणि रात्रीतून ओसरते. सकाळी शेळ्या सोडताना पाहणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. जनावरे परत आल्यावर हात लावून पाहा.

आता औषधाचे. एकच जंतनाशक वर्षानुवर्षे सगळ्या कळपाला पाजले की त्याला दाद देणारे जंत मरतात, न देणारे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, त्यामुळे हा बदल व्हायला फार वेळ लागत नाही. वजन अंदाजाने धरून डोस कमी पाजला की हे काम आणखी लवकर होते. शेळीच्या बाबतीत तर दुहेरी घोळ आहे. शेळीचे शरीर बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीसाठी छापलेला डोस शेळीला अनेकदा अपुरा पडतो. शेळीचा डोस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या आणि कळपातल्या सर्वांत जड शेळीच्या वजनावरून गटाचा डोस धरा. लेव्हामिसोल या जंतनाशकाच्या बाबतीत मात्र प्रत्येकीचे वजन वेगळे करा, कारण त्यात उपकारक डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी असते. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक देऊ नका, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

कॅलेंडर पाहून सरसकट औषध पाजणे थांबवा, हे मी आग्रहाने सांगतो. कळपातल्या सगळ्या शेळ्यांच्या पोटात जंत सारखे नसतात. थोड्या जनावरांत ते भरमसाट असतात, बाकीच्यांत मोजके, आणि त्या मोजक्यांनी जनावराचे फारसे बिघडत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनाच औषध दिले तर उरलेल्यांच्या लेंड्यांतून औषधाला दाद देणाऱ्या जंतांची अंडी कुरणावर पडत राहतात आणि प्रतिकारक जंतांचे प्राबल्य होत नाही. एकेकाळी ‘सगळ्यांना पाजा आणि लगेच नव्या कुरणावर न्या’ असा सल्ला दिला जाई. आज तो चुकीचा ठरतो, कारण नव्या कुरणावर तेव्हा फक्त औषधातून वाचलेल्या जंतांचीच अंडी पडतात.

गरज कोणाला आहे हे डोळ्यावरून कळते. शेळी उजेडात उभी करा. अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर अलगद दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा आणि आतल्या अस्तराचा रंग पाहा. उशीर लावू नका, उघडे राहिलेले अस्तर थोड्या वेळात लाल होऊन फसवते. गडद लाल किंवा लालसर गुलाबी असेल तर औषधाची गरज नाही. फिकट किंवा पांढरेफटक असेल तर त्याच दिवशी औषध. मधला गुलाबी रंग असेल तर करडे, गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या शेळ्यांना द्या, धडधाकट शेळ्यांना थांबून पुन्हा तपासा. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालेले फामाचा नावाचे पाच रंगांचे कार्ड याच कामाचे आहे. पावसाळ्यात ही तपासणी दोन-तीन आठवड्यांनी करावी. एक मर्यादा लक्षात असू द्या : पापणी फक्त रक्त कमी झाल्याचे सांगते. हगवण लावणारे इतर जंत तिच्यातून दिसत नाहीत आणि यकृत कृमी किंवा गोचीड यांमुळेही ती फिकी पडू शकते.

चरण्याकडेही पाहायला हवे, नाहीतर आज पाजलेली शेळी उद्या पुन्हा जंत खाते. लेंडीतले अंडे उबदार ओलाव्यात साधारण आठवडाभरात बाधा करणारी अळी बनते. दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पापुद्र्यातून ती गवतावर चढते, पण बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतच असतात. पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालू लागते. म्हणून दव वाळल्यावर शेळ्या सोडा, गवत जमिनीलगत कुरतडले जाईपर्यंत एकाच जागी चारू नका आणि झाडपाला जितका देता येईल तितका द्या. शेळ्यांच्या जागी काही काळ मोठ्या गाई-बैलांना चारल्यानेही फायदा होतो. त्यांच्या पोटात शेळीचे बहुतेक जंत वाढत नाहीत, गिळलेल्या अळ्या वाया जातात. व्यायच्या आसपास शेळीची प्रतिकारशक्ती घटते आणि लेंडीतली अंडी वाढतात, त्यामुळे व्यालेल्या शेळ्या आणि करडे यांच्यासाठी सर्वांत स्वच्छ जागा राखून ठेवा.

प्रश्न : गाईला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले, तरी ती खंगते आहे. पाणथळ जागेत चरते.

उत्तर : आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर आणि अंगावरच्या काही परजीवींवर चालते. यकृत कृमी आणि पट्टकृमी यांच्यावर ते चालत नाही. पाणथळ जागा म्हटली की गोगलगायी आल्या आणि यकृत कृमीचे लहानपण गोगलगायीतच जाते. तिच्यातून निघालेल्या अळ्या काठच्या गवताला कोषाच्या रूपात चिकटतात. शेण तपासून कोणता कृमी आहे ते ठरवा, मगच औषध निवडा. दुधाळ गाय असेल तर औषधानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही हे वेष्टनावर पाहा आणि तितके दिवस खरोखरच पाळा. यकृत कृमीची काही औषधे दुधाळ जनावरांना देताच येत नाहीत.

प्रश्न : म्हशीची रेडके तीन-चार आठवड्यांची होताना मळकट पांढरी हगवण लागून दगावतात. पोट फुगलेले, केस राठ. म्हशीला व्यायच्या आधी जंतनाशक पाजले होते.

उत्तर : टोक्सोकॅरा व्हिट्युलोरम या मोठ्या गोलकृमीचा संशय घ्या. याच्या अळ्या म्हशीच्या अंगात सुप्त राहतात आणि व्यायल्यावर चिकातून, दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. त्या सुप्त अळ्यांपर्यंत नेहमीचे जंतनाशक नीट पोचत नाही, म्हणून म्हशीला पाजून रेडकू वाचत नाही. औषध रेडकालाच, वयाच्या 10 ते 16 दिवसांत द्यावे लागते. तेव्हा जंत आतड्यात आलेले असतात, पण अंडी घालायला लागलेले नसतात. पायपेराझीन किंवा पायरँटेल वापरतात, डोस वजनावर. हगवण लागायची वाट पाहू नका. अंड्यांचे कवच जाड असते, गोठ्याच्या मातीत ती फार काळ टिकतात, म्हणून रेडकाचे शेण रोज उचला. आणि जंताच्या भीतीने चीक मात्र बंद करू नका. चिकाविना रेडकू दुसऱ्या आजारांना बळी पडेल.

प्रश्न : गोचीड मारायला फवारणी केली की चार दिवसांत पुन्हा येतात.

उत्तर : अंगावर दिसतात त्याहून जास्त गोचीड गोठ्यात असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. तेव्हा फटी बुजवा, गव्हाणीच्या खालचा भाग आणि कोपरे यांवरही औषध मारा आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने पुन्हा मारा. कानाच्या आत, शेपटीखाली आणि कासेच्या मागे हात घालून शोधा. गोचीड रोगही पसरवतो. गुरांचा ताप गोचिडातून पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी 1893 मध्ये दाखवून दिले. तो रोग म्हणजे बॅबेसियोसिस. ताप आणि कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलवा. खांद्यापुढची गाठ सुजून जोराचा ताप असेल तर थायलेरिया या गोचिडातूनच पसरणाऱ्या दुसऱ्या रोगाचा विचार करावा लागतो, त्याचे औषध वेगळे आहे.

प्रश्न : शेण तपासायला कसे न्यावे?

उत्तर : जमिनीवरचे उचलू नका, त्यात मातीतल्या अळ्या मिसळतात. हातमोजा घालून गुदद्वारातून काढा. शेळीच्या आठ-दहा लेंड्या पुरतात. डबी काठोकाठ भरून घट्ट बंद करा, आत हवा कमी राहील असे पाहा, नाहीतर वाटेतच अंडी उबतात आणि मोजणी चुकते. थंड जागी ठेवून त्याच दिवशी द्या, बर्फात गोठवू नका. दहा-बारा शेळ्यांचे वेगवेगळे नमुने घ्या, डब्यांवर बिल्ला क्रमांक आणि वय लिहा. मग औषध पाजा आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा तपासणी करा. दर ग्रॅम लेंडीमागे अंडी 95 टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली असतील, तर तुमच्या कळपात ते औषध निकामी होऊ लागले आहे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे तेच औषध आणून उपयोग नाही. औषधाच्या वेष्टनावरचे मूळ घटकाचे नाव पाहा आणि औषधाचा गट बदला.