नवीन वर्षात स्वतःला सुधारण्यासाठी रोज कोणते छोटे बदल करावेत?

तुम्ही लिहिलंय की व्यायाम, वाचन, गोड बंद, लवकर उठणं असं सगळं १ जानेवारीला ठरवता आणि पंधरवड्यात बारगळतं. माझं सांगणं एवढंच: यंदा एकच बदल घ्या, आणि तो घड्याळाला न बांधता तुम्ही एरवीही रोज करताच अशा एखाद्या कामाला बांधा.

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरीला. पाळी दर आठवड्याला बदलते. 'रोज पहाटे पाचला उठणार' हे रात्रपाळीच्या माणसाला जमणार कसं? पण पाळी कुठलीही असो, घरी आलो की जेवणाचा डबा घासायला टाकतोच. म्हणून खर्चाची वही ओट्याशेजारच्या फळीवर ठेवलीय, पेन दोऱ्याने तिलाच बांधलंय. डबा मोरीत गेला की वही उघडायची. चहा, पेट्रोल, पोराच्या झेरॉक्सचे पैसे, जे असेल ते उभ्या-उभ्या दोन ओळींत. पेन शोधायला लागलं असतं तर हे कधीच टिकलं नसतं. पाळी सुटल्यावरच्या वडा-चहाचा महिन्याचा आकडा वहीत दिसायला लागला आणि तो खर्च आपोआप उतरला.

व्यायामाचं म्हणाल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रंकाळ्यावर सकाळी या. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, चालायला वाट मिळत नाही. संक्रांतीपर्यंत जुनेच चेहरे उरतात. गळालेली माणसं आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही. पहिल्याच दिवशी तलावाची अख्खी फेरी मारतात, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही. आमच्या तालमींत नव्या पोराला वस्ताद लगेच लढतीला उभं करत नाहीत. आधी माती उकरायला लावतात, मोजक्या बैठका मारून घेतात, दम बघून आकडा वाढवतात. तुम्हीही सुरुवातीला बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत या. ताप आलेला नसेल तर कितीही वाईट दिवशी जमेल, एवढंच ठरवा.

गोड बंद करायचा संकल्प मात्र जानेवारीत नको. आमच्याकडे तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात, घरात ताजा गूळ आणि काकवी, त्यात संक्रांतीचा तिळगूळ. त्यापेक्षा रोजच्या चहातली साखर पाव चमचा कमी करा.

'२१ दिवसांत सवय लागते' हे डोक्यातून काढून टाका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच साधी गोष्ट रोज ठरावीक वेळी किंवा प्रसंगी करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं; कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे एक दिवस चुकला की 'आता पुढच्या वर्षी' म्हणून माणूस सोडून देतो, आणि तिथंच घोडं अडतं.

तुमच्या यादीतलं मी वाचन निवडेन, कारण त्याला पैसा, हवामान, जागा काहीच आडवं येत नाही. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा. आमच्याकडे १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. पुस्तक परत करायची तारीख असली की हातात घेतलं जातं. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि पुस्तक उशीवर ठेवा, म्हणजे ते उचलल्याशिवाय आडवंच होता येणार नाही. दोन पानं वाचा. रंगलात तर वीस वाचा, पण दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा दोनच धरा.