कृषी सल्ला : नरक्याची मुळं, कळलावीचा कंद आणि बुरसटलेला बाळहिरडा

मे संपत आला की आमच्या कार्यालयात भात-नाचणीच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. यंदा निम्मे प्रश्न डोंगरातल्या झाडपाल्याचे आहेत. कुणाला व्यापाऱ्याचा फोन आलाय, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहून काढा उकळायला घेतलाय. त्यातले चार प्रश्न इथे घेतो. नावं-गावं मुद्दाम गाळली आहेत. घाटमाथ्यावर सगळे एकमेकांना ओळखतात.

प्रश्न : आमच्या मालकीच्या रानात नरक्याची पन्नासेक झाडं आहेत. व्यापारी म्हणतो, मुळासकट काढून द्या, रोख देतो. द्यावीत का? शिवाय भावकीतल्या एकांना कॅन्सर आहे, ते याच्याच सालीचा काढा घेतात. चालेल ना?

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काढा आजच बंद करायला सांगा. नरक्यात कॅन्सरवरचं औषध आहे ही गोष्ट खरी आहे, आणि घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो.

त्या द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही तेच द्रव्य सापडलं आणि तोवर कुणी ढुंकून न पाहिलेल्या या उग्र वासाच्या झाडामागे गाड्या लागल्या.

हे द्रव्य काय करतं ते सांगतो. पेशीच्या आत वंशसूत्राचा, म्हणजे डीएनएचा, दोर सुंभासारखा पिळलेला असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर तो पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी पेशीतलं एक विकर (एन्झाइम) दोराचा एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं सांधायच्या वेळी आडवं येतं. पदर तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या आधी सापडतात. पण आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हाडांतला रक्त तयार करणारा मगज हेसुद्धा भराभर वाढणारेच. त्यांनाही तोच मार बसतो. १९७० च्या सुमारास हे द्रव्य माणसांना देऊन पाहिलं तेव्हा जुलाब, लघवीतून रक्त, रक्तपेशी घटणं असे त्रास झाले आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. नंतर शास्त्रज्ञांनी त्याची घडण थोडी बदलून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधं तयार केली. त्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे शोधानंतर तब्बल ३० वर्षांनी.

आता तुमच्या नातेवाइकांचं पातेलं बघा. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे काढ्यात किती उतरलं, हे मोजायला कुणाकडेही साधन नाही. एखाद्या दिवशी काहीच नाही, तर एखाद्या दिवशी सालीचा भुगाच पोटात. त्यात दवाखान्यातलं केमो चालू असेल तर जोखीम आणखी वाढते. ते काढा घेत होते हे डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू देत.

आता व्यापाऱ्याचं बोलू. या झाडात द्रव्य सगळीकडे सारखं नसतं. मुळात आणि खोडात जास्त, पानात कमी. एकाच रानातल्या शेजारशेजारच्या दोन झाडांतही कित्येक पटींचा फरक निघतो. हिशेबासाठी वाळलेल्या मालात ०.१ टक्का धरा, म्हणजे एका टनातून एक किलो. व्यापारी मुळासकट मागतो ते एवढ्यासाठीच. त्याला एकदाच माल न्यायचा आहे, तुमचं रान पुढे राहो न राहो. माझं मत विचाराल तर मुळं देऊ नका. बुंधा राखून वरचं तोडलं तर नरक्याला धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी पुन्हा तोड मिळते. मुळं उपटली की विषय संपला.

झाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी माल गाडीत भरण्याआधी परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांकडून तोडीबद्दल आणि वाहतूक परवान्याबद्दल लेखी घ्या. नरक्याच्या चोरट्या वाहतुकीमुळे वनखातं या मालाकडे आधीच संशयाने बघतं. आणि गाडी पकडली गेली तर व्यापाऱ्याचा फोन बंद होतो, सातबारा मात्र तुमच्याच नावावर असतो.

प्रश्न : पावसाळ्यात बांधावर कळलावी खूप उगवते. तिचे कंद विकता येतात का? सासूबाई म्हणतात, पूर्वी अडलेल्या बाईला हाच कंद लावायचे. घरात लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटते.

ताई, तुमची भीती बरोबर आहे. सासूबाईही खोटं सांगत नाहीत. कळा लावते म्हणून कळलावी. पण पूर्वी लावायचे म्हणून आता लावायचं नाही. बाळंतपण दवाखान्यातच होऊ द्या.

हिच्यात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत मुख्यतः. ते पेशीतले अतिसूक्ष्म धागे बांधले जाऊ देत नाही. पेशी दोन होताना हेच धागे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात. धागे नाहीत, तर वाटणी नाही. आमच्या शेतकी शिक्षणात कोल्चिसिनची ओळख होते ती इथे. रोपाच्या कोंबावर हे द्रव्य लावलं की गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. असं दुप्पट झालेलं कलिंगड आणि साधं कलिंगड यांच्या संकरातून बिनबियांचं कलिंगड निघतं. बाजारात फोडून खाल्लंत ना, त्यामागे हे द्रव्य आहे. डॉक्टर वातरक्ताच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर याच्या गोळ्या देतात. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. एका ग्रॅमचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. कंदाचा तुकडा तोंडात टाकणाऱ्याने हे माप डोळ्यासमोर आणावं.

कंद दिसायला रताळ्याच्या किंवा रानकंदाच्या जवळचा. तो चुकून खाल्ला गेल्याची उदाहरणं आहेत. काही तासांत उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं. या मधल्या काळात फसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, हृदय, रक्त यांवर घाव बसतो. जे वाचतात त्यांचे केस पुढे एक-दोन आठवड्यांत गळतात. याला सहज मिळणारा उतारा नाही, म्हणून मीठ-पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. उरलेला कंद पिशवीत घालून सोबत न्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

विक्रीचं म्हणाल, तर बांधावरचे कंद खणून किलोवर विकण्यात राम नाही. तमिळनाडूत कळलावीची रीतसर शेती होते. तिथे हे राज्यफूल आहे आणि शेतकऱ्यांचा पैसा मुख्यतः बियांतून येतो. काम मात्र किचकट. फुलातली कुक्षी परागकोशांपासून दूर वळलेली असते, त्यामुळे सकाळी फुलाफुलापाशी जाऊन हाताने परागीभवन करावं लागतं. वेलाला आधार लागतो. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, नांगराच्या आकाराचा असतो आणि टोकाचा डोळा मोडला तर उगवत नाही, म्हणून बेणं हाताळताना फार जपावं लागतं. त्यातही बेण्याचाच खर्च मोठा. खरेदीदार लेखी ठरल्याशिवाय पाच गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. मुलं लहान असेपर्यंत तर घराजवळ नकोच. काम करताना हातमोजे घाला आणि बी धान्याच्या डब्याजवळ कधीच ठेवू नका.

प्रश्न : गुळवेल कोरोनापासून रोज घेतो. इंद्रजवही आमच्याच कुड्याचे काढतो. काही अडचण आहे का?

गुळवेल आधी ओळखून घ्या. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गफलत झाली असावी. त्या दुसऱ्या वेलीचं खोड फोडाफोडांचं, ठळक गाठींचं असतं. वाद तज्ज्ञांना घालू द्या. माझं साधं म्हणणं आहे की रोज, वर्षानुवर्षं, मापाशिवाय घ्यायची ही वस्तू नाही. यकृताचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी थांबवा आणि तपासणी करा.

इंद्रजवाचंही, म्हणजे कुड्याच्या बियांचंही, तसंच. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याच्या सालीत आणि बियांत कोनेसिन हे अल्कलॉइड असतं, आणि आवेच्या जुलाबांवर त्याचा उपयोग जुनाच आहे. काळा कुडा वेगळा. बी दाताखाली धरा. पांढऱ्याचं जहर कडू लागतं, काळ्याचं नाही, म्हणून बाजारात कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव अशी दोन नावं आहेत. शेंगाही बघा. दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. साल काढताना झाडाभोवती पूर्ण कडं कधी सोलू नका, झाड वाळतं. फांदी तोडून तिची साल घ्या.

प्रश्न : बाळहिरडा गोळा करतो, पण व्यापारी कधी बुरशी म्हणून, कधी रंग खराब म्हणून भाव पाडतो. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथे विषाची भानगड नाही आणि चार पैसे खरोखर हातात येतात. हिरड्याचं फळ एकच, पण वयाप्रमाणे माल तीन. अठळी धरण्याआधीचा तो बाळहिरडा, अर्धकच्चा तो चांभारी, पूर्ण पिकलेला तो सुरवारी. मधल्याचं नाव चांभारी का, तर कातडी कमावायला लागणारं टॅनिन त्याच्यात भरपूर. वाळलेल्या हिरड्यात साधारण तिसरा हिस्सा टॅनिनच असतं. तोंडाला जी तुरट मिठी बसते ती त्याचीच. चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्ल ही त्यातली मुख्य नावं, म्हणजे हिरड्याच्या शास्त्रीय नावातल्या 'चेब्युला'वरूनच पडलेली.

तीन वयांचा माल एका पोत्यात भरला की सगळ्यात हलक्याचा भाव मिळतो. म्हणून गोळा करतानाच वेगळा ठेवा. उघड्या मातीवर वाळवू नका, ताडपत्री किंवा सारवलेलं खळं वापरा. थर पातळ ठेवा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाका. वळवाची एक सर पुरते, आतून ओल धरते आणि पोत्यात बुरशी येते. पुरता वाळलेला बाळहिरडा काळा, कठीण होतो आणि मुठीत घेऊन हलवला तर खडखड वाजतो. वाजत नसेल तर अजून दोन उन्हं द्या.

रंग बिघडण्याचं एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळी हिरड्याची शाई अशीच करायचे. ओला हिरडा लोखंडी घमेल्यात किंवा गंजक्या पत्र्यावर टाकला की माल डागाळतो. बांबूची पाटी, प्लास्टिकचा क्रेट काहीही चालेल. पोतीसुद्धा खताची नकोत.

आदिवासी विकास महामंडळाची खरेदी तुमच्या भागात सुरू आहे का, याची चौकशी करा आणि तिथला दर हातात ठेवूनच व्यापाऱ्याशी बोला. हिरड्याचं झाड तोडायची वेळ आलीच, तर ते १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत येतं, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. नमुना घेऊन कार्यालयात यायचं असेल तर बुधवारी या, तालुक्याचा बाजार असतो. तीन वयांचे थोडे थोडे हिरडे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणा.