भूलतज्ज्ञाचे काम रुग्णाला झोपवून संपते का?

प्रश्न : मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अ‍ॅब्लेशन (दोषी विद्युत्‌संकेत अडवण्यासाठी हृदयाच्या ऊतीवर उष्णतेने किंवा थंडीने व्रण करण्याची प्रक्रिया) पाहताना भूलतज्ज्ञ सतत व्हेंटिलेटरकडे लक्ष देऊन असल्याचे दिसले. मला त्यातच रस वाटला. पण भूल दिल्यावर त्यांना काम उरत नाही, असे घरचे म्हणतात. ही शाखा निवडावी का?

उत्तर : तुम्ही नेमक्या ठिकाणी पाहिलेत. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकाराच्या अ‍ॅब्लेशनमध्ये डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) पातळ भिंतीवर, फुप्फुस शिरांच्या तोंडाशी, कॅथेटरचे (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीचे) टोक स्थिर टेकवावे लागते. प्रत्येक श्वासासरशी श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खालीवर होते, त्याबरोबर हृदय सरकते आणि टोकाचा दाब बदलतो; तो कमी पडला तर व्रण अपुरा राहून शिरेतून विद्युत्‌प्रवाह पुन्हा सुरू होऊ शकतो आणि फार वाढला तर भिंतीला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणजे अ‍ॅब्लेशन कितपत टिकेल, यात व्हेंटिलेटरवरून श्वास ठरवणाऱ्या भूलतज्ज्ञाचाही वाटा असतो.

ही हालचाल कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे जेट व्हेंटिलेशन. त्यात मिनिटाला शंभर किंवा त्याहून अधिक छोटे हवेचे झोत देतात आणि छाती जवळजवळ हलत नाही. मात्र श्वासावाटे द्यायच्या भुलीवर तेव्हा विसंबता येत नाही, म्हणून प्रोपोफोलसारखे औषध शिरेवाटे सतत चालू ठेवतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आकडाही भरवशाचा नसल्याने धमनीतील रक्त तपासावे लागते. दुसरा मार्ग नेहमीच्या व्हेंटिलेटरचाच आहे : एका श्वासाला सुमारे २०० ते २५० मिलिलिटर हवा आणि मिनिटाला ४० ते ५० श्वास. यात उच्छ्वासाला वेळ अपुरा पडून हवा छातीत अडकू शकते आणि रक्तदाब घसरू शकतो, त्यामुळे दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) असलेल्या रुग्णाबाबत हा निर्णय फार जपून घ्यावा लागतो. क्रायोबलूनने (ऊती गोठवणाऱ्या फुग्याने) उजव्या फुप्फुस शिरांवर काम करताना फ्रेनिक नर्व्हला (श्वासपटल हलवणाऱ्या मज्जातंतूला) इजा होत नाही ना, यासाठी तिला उद्दीपन देऊन श्वासपटल हलते का, हे पाहतात. त्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम ओसरलेला असावा लागतो.

असा हिशेब तासन्‌तास, शिशाचा एप्रन घालून, रुग्णाच्या चेहऱ्यापासून काहीसे दूर उभे राहून करणे तुम्हाला आवडणार असेल, तर भूलशास्त्र जरूर निवडा आणि पुढे कार्डियाक अ‍ॅनेस्थेशियाकडे वळा. रुग्णाला वर्षानुवर्षे भेटत राहण्याची ओढ असेल, तर हृदयरोगशास्त्रातून इलेक्ट्रोफिजिऑलॉजीकडे (हृदयाच्या विद्युत्‌संकेतांच्या विकारांच्या शाखेकडे) जाणे मला अधिक योग्य वाटते. निर्णयाआधी परवानगी घेऊन एक संपूर्ण अ‍ॅब्लेशन भूलतज्ज्ञाशेजारी उभे राहून पाहा आणि प्रत्येक बदल त्यांनी का केला, हे त्यांनाच विचारा.